नगराचा पहारेकरी जागा आहे काय?

आज घटस्थापना. घरोघरी घट बसतील, पहिली माळ चढेल आणि नऊ दिवसांचा अखंड नंदादीप उजळेल. आमच्यासारख्या क्षेत्रस्थानी तर गाभारा, सभामंडप, दीपमाळ, ओवऱ्या, प्रासादिक दुकाने आणि रस्ते हे सारेच या दिवसांत ज्योतींनी व जनसमुदायाने भरून जातात. अशा प्रसंगी कीर्तनकाराने देवीचे आख्यान लावावे, हीच रीत. परंतु आम्ही आज सुज्ञ वाचकांपुढे एक निराळा विषय ठेवीत आहोत. तो उत्सवाशी असंबद्ध नाही, हे थोड्या विवेचनाने ध्यानी येईल. ज्या अग्नीला आपण देव मानतो, त्याच्या प्रकोपापासून नगराचे रक्षण करण्याचे दायित्व कोणाचे, आणि ते दायित्व नीट पार पडते की नाही हे पाहणारा कोण, हा तो विषय.

ऋग्वेदाचा आरंभ अग्नीच्या नावाने होतो. विवाहाला साक्षी तोच आणि अखेरच्या संस्कारालाही तोच. तथापि यज्ञविधीत अग्नीची स्थापना कोठेही, कशीही होत नाही. त्याला कुंड लागते, कुंडाला मेखला लागते, भोवती परिधी मांडावे लागतात आणि चोहोबाजूंनी पाणी शिंपडून पर्युक्षण करावे लागते. अग्नीजवळ पाणी ठेवल्यावाचून आपला एकही विधी पुरा होत नाही. पूजन आणि मर्यादा ही एकाच कर्माची दोन अंगे आहेत, हे ज्यांच्या संस्कारांतच मुरलेले आहे त्यांना अग्निसुरक्षेचा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

कौटिल्याचा नागरक

हा विचार यज्ञमंडपापुरता मर्यादित नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, नगराच्या कारभाऱ्याची कर्तव्ये सांगणारा एक अध्याय आहे. या कारभाऱ्यास तेथे नागरक म्हटले आहे. ग्रीष्म ऋतूत दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत घरात आग पेटवू नये, पेटविल्यास दंड भरावा. प्रत्येक गृहस्थाने पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, अंकुश आणि कातडी पखाल घरी सिद्ध ठेवावी. अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांची वस्ती एका बाजूस असावी. रस्त्यांत, चौकांत आणि वेशींवर पाण्याने भरलेल्या घागरींच्या रांगा असाव्यात, अशी ती व्यवस्था आहे. आग लागली असता विझविण्यास न धावणाऱ्या घरमालकास बारा पणांचा आणि भाडेकऱ्यास सहा पणांचा दंड सांगितला आहे. ज्याच्या प्रमादाने आग लागली, त्याला चोपन्न पण.

यापुढची तरतूद आम्हांस अधिक मोलाची वाटते. नागरकाने जलस्थाने, मार्ग आणि तटबंदी यांची पाहणी नित्य करावी; आणि रात्री घडलेला दोष त्याने वर कळविला नाही, किंवा त्याच्या हातून हयगय झाली, तर दोषाच्या प्रमाणात खुद्द नागरकासही दंड व्हावा, असे कौटिल्य सांगतो. गृहस्थावर नागरकाची दृष्टी आणि नागरकावर राजाची दृष्टी, अशी ही साखळी आहे. आज राजाच्या स्थानी प्रजा आहे. मग आजच्या नागरकावर प्रजेची दृष्टी आहे काय?

कायदा काय सांगतो

कायद्याच्या बाजूने पाहता आपली व्यवस्था दुबळी म्हणता येणार नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. ती १ जून १९९३ पासून अमलात आहे. नगरसंस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांत सातवा विषय अग्निशमन सेवेचा आहे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आग विझविणे आणि आगीच्या वेळी जीवित व वित्त यांचे रक्षण करणे हे अनिवार्य कर्तव्यांत गणलेले आहे. पुढे राज्याने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा स्वतंत्र अधिनियम केला आणि तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याने आगप्रतिबंधक साधने बसवावयाची, परवानाधारक संस्थेकडून त्यांची तपासणी करून घ्यावयाची आणि ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे. इमारत धोकादायक आढळल्यास ती रिकामी करविण्याचा आणि तिचे वीज-पाणी तोडण्याचा अधिकारही कायद्याने दिलेला आहे.

मग उणीव कोठे? आमच्या मते ती तीन ठिकाणी आहे. पहिली अशी की, प्रमाणपत्र देणारी संस्था मालकानेच नेमलेली असते. कार्यालयाने आलेला कागद फायलीत लावून ठेवला आणि प्रत्यक्ष जाऊन काही पाहिले नाही, तर मालक स्वतःच स्वतःचा परीक्षक ठरतो. दुसरी उणीव मनुष्यबळाची. लहान नगरपरिषदेत प्रशिक्षित आणि पूर्णवेळ अग्निशमन अधिकारी असतोच असे नाही. असला तरी त्याच्याकडे आणखी दोन खाती असतात. तिसरी उणीव सर्वांत नाजूक आहे. बांधकामाला परवानगी देणारी, व्यवसायाला परवाना देणारी आणि सुरक्षेची तपासणी करणारी संस्था एकच. तिच्या स्वतःच्या शाळा, मंडई आणि मंगल कार्यालये यांची तपासणी मग कोणी करावयाची? आपल्याच घरातील दोष आपणच काढावयाचा हे संताला साधते. कार्यालयाला ते क्वचितच साधते.

घडलेल्या गोष्टी

मांढरदेवीची आठवण झाली की आजही अंगावर शहारे येतात. २५ जानेवारी २००५, पौषी पौर्णिमा. वाई तालुक्यातील डोंगरावर काळूबाईच्या दर्शनाला लक्षावधी भाविक लोटले होते. अरुंद चढणीची वाट, दुतर्फा दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. लोक पडले, चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. सुमारे तीनशे माणसे गेली. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. परंतु आयोग बसतो तो घटनेनंतर. वाट किती रुंद आहे, तीवर दुकाने किती, त्यांत टाक्या किती, हे यात्रेपूर्वी मोजणारी दृष्टी हवी होती. एवढ्या समुदायाचा भार डोंगरावरच्या एका छोट्या ग्रामसंस्थेने एकटीने पेलावा, ही अपेक्षाही व्यर्थ होती.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. अवघा महाराष्ट्र हळहळला. राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या रुग्णालयात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागांना आग लागून पुन्हा रुग्णांचे प्राण गेले. आदेश निघणे एक, तपासणी होणे दुसरे, दोष आढळणे तिसरे आणि तो दूर होणे चौथे. आपली दृष्टी पहिल्या पायरीवर समाधान पावते, आणि माणसाचा प्राण वाचतो तो चौथ्या पायरीवर.

लाक्षागृहातील निषादी

महाभारतातील लाक्षागृहाची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. विदुराने सूचना दिली, युधिष्ठिराने भिंतींतील लाख व तूप यांचा वास ओळखला, विदुराच्या खनकाने भुयार खणले आणि पांडव सुखरूप निसटले. कीर्तनात हा भाग रंगतो. श्रोते सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु त्या रात्री त्या घरात एक निषादी आणि तिचे पाच पुत्र निजलेले होते. त्यांना विदुराने काही सांगितले नव्हते, भुयार ठाऊक नव्हते. ती सहा माणसे जळाली. आणि त्यांचीच प्रेते पाहून पांडव गेले असे जगाने मानले. व्यासांनी त्यांची नावेही नोंदलेली नाहीत.

ही कथा जुनी झालेली नाही. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे येथील एका क्लबला आग लागून पंचवीस जण मृत्यू पावले. त्यांतील बहुतेक तेथले कर्मचारी होते, पोटासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेले. तळघरातील स्वयंपाकघरात ते अडकले. ते बांधकाम पाडण्याची नोटीस पंचायतीने दिली होती आणि वरच्या कार्यालयातून तिला स्थगिती मिळाली, असे सरपंचांनी नंतर सांगितले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या क्रीडागृहातील आगीत सत्तावीस जणांचा अंत झाला; त्या जागेला अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्वतः होऊन दखल घेतली आणि महानगरपालिकेस खडे बोल सुनावले. ज्यांना वाट ठाऊक होती किंवा जे दाराजवळ होते ते वाचले, आणि ज्यांना ठाऊक नव्हती ते राहिले, हे सूत्र लाक्षागृहापासून आजवर पालटलेले नाही. नगरसंस्थेचा धर्म म्हणजे विदुराचा धर्म. फरक इतकाच की, विदुराने आपल्या पुतण्यांना सावध केले. नगरसंस्थेने निषादीलाही सावध करावयाचे आहे.

आताच विचारावयाचे प्रश्न

हा विषय आज काढण्यास एक तात्कालिक निमित्त आहे. महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. लोकनियुक्त सभा नव्हती. त्यामुळे अधिकाऱ्याला प्रश्न विचारणारे व्यासपीठच नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये या निवडणुका झाल्या आणि नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. रस्ते, गटारे आणि नळ यांविषयी ते बोलतील, बोललेच पाहिजे. परंतु अग्निशमन हा विषय सभेपुढे येतो तो बहुधा नवा बंब खरेदी करावयाचा असेल तेव्हाच. बंबाची पूजा होते, छायाचित्र छापून येते. तपासणीचे छायाचित्र निघत नाही, म्हणून तपासणी मागे पडते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक नगरपरिषदेने वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैची प्रमाणपत्रे आल्यावर, अग्निसुरक्षेचा अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. कोणत्या इमारतींची प्रमाणपत्रे आली व कोणाची नाहीत, याची यादी कार्यालयाच्या फलकावर लावावी. आलेल्यांपैकी किती ठिकाणी अधिकारी प्रत्यक्ष जाऊन आला ते सांगावे. किती नोटिसा दिल्या आणि प्रत्येकीचे पुढे काय झाले, ते नोंदवावे. परिषदेच्या स्वतःच्या इमारतींची तपासणी शेजारच्या शहरातील अधिकाऱ्याकडून करवावी. मंदिराभोवतीच्या सर्वांत अरुंद बोळात बंब किंवा लहान गाडी पोहोचते की नाही, याची रंगीत तालीम उत्सवापूर्वी करावी. उत्सवाच्या मांडवाला परवानगी कागदावर देऊन न थांबता, मांडव उभा राहिल्यावर वीजजोडणी आणि बाहेर पडण्याच्या वाटा पाहून घ्याव्यात. पैशाची सबबही पूर्वीइतकी उरलेली नाही. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ साली पाच हजार कोटी रुपयांची योजना आखली आहे. आणि सभा उदासीन राहिली, तर २००५ चा माहितीचा अधिकार प्रत्येक गृहस्थाच्या हाती आहे. एका साध्या अर्जाने तो ही माहिती मागू शकतो.

आपले स्वतःचे आचरण

येथवर आम्ही सत्तेला बोललो. आता भाविकांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल मंदिरात १० एप्रिल २०१६ रोजी आतषबाजीचा स्फोट होऊन शंभरांहून अधिक माणसे गेली. त्या आतषबाजीला जिल्हा प्रशासनाने अनुमती नाकारलेली होती. देवाच्या कार्यात सरकारचा अडथळा, असे म्हणून नियम बाजूस सारण्याची ही वृत्ती केरळापुरतीच आहे काय? मंदिराच्या वाटेवरील दुकान हलवा म्हटले की आपण रुष्ट होतो. मांडवाचा खांब बोळाच्या मध्यावर आला तरी तो देवाचाच खांब म्हणून राहू देतो. त्या दुकानदाराचे पोट त्या वाटेवर आहे हेही खरे. म्हणून त्याला पर्यायी जागा देणे हे परिषदेचे कर्तव्य आहे. पण वाट मोकळी राहिली पाहिजे. सप्तशतीच्या पाठाचे पुण्य त्या अडलेल्या वाटेची भरपाई करू शकणार नाही.

शेवटी ज्यांच्यासाठी हे सारे मागावयाचे, त्यांत अग्निशमन दलाचे जवानही आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझविण्यास गेलेले सहासष्ट जवान परतले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. तपासणीत जो दोष आपण आज डोळ्यांआड करतो, त्याचे मोल उद्या अशाच कोणा घरातील कर्त्या पुरुषाला द्यावे लागते.

आज सायंकाळी घटापुढे दिवा लावताना तो खोलगट ताम्हणात ठेवावा, पडद्यापासून दूर ठेवावा आणि जवळ पाण्याचा तांब्या असू द्यावा. घराचे पर्युक्षण एवढ्याने होईल. नगराचे पर्युक्षण मात्र आपल्या नगरसेवकाला विचारलेल्या प्रश्नानेच होणार आहे. नवरात्रात तो दर्शनाला येईलच. तेव्हा त्याला प्रसाद द्यावा आणि जुलैची यादी फलकावर कधी लागणार हे नम्रपणे विचारावे. आई जगदंबा सर्वांचे रक्षण करो, आणि तिच्या दारी आलेले प्रत्येक लेकरू सुखरूप घरी परतो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.