जकातनाक्यावरची नावं

रोमन काळातल्या मासेखाऊपणावर आपल्याकडे जे काही लिहिलं जातं, त्यात पात्रं ठरलेली असतात. जुवेनलने टवाळी केलेला, डोमिशियन बादशहापुढे आणलेला तो अवाढव्य मासा, धनिकांची खासगी मत्स्यतळी आणि नाक मुरडत उल्लेखलेलं गारूम. या गोष्टीत सगळे खाणारेच आहेत, मासे धरणारा कुणीच नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं: कोळी गरीब, त्यांची नोंद कोण ठेवणार?

त्यांनी स्वतःच ठेवली आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसस या आशिया प्रांताच्या प्रमुख शहरातला एक ग्रीक शिलालेख पाहा. तो नीरो, त्याची आई ॲग्रिपिना आणि बायको ऑक्टेव्हिया यांना अर्पण केलेला आहे. म्हणजे नीरो गादीवर आला ते इ.स. 54 आणि त्याने आईचा खून करवला ते 59, यांच्या मधला. शहराने ठराव करून दिलेल्या जागेवर मासळीच्या जकातीचा नाका कोळ्यांनी आणि मासळीविक्रेत्यांनी स्वखर्चाने बांधला, असं तो सांगतो. खाली देणगीदारांची लांबलचक यादी आहे. कुणी खांब दिले, कुणी कौलं, कुणी विटा, कुणी रोख दिनार.

मासळी ही फक्त श्रीमंतांची चैन होती, हेही सोडून द्या. लेखात विक्रेत्यांसाठी आलेला शब्द 'ओप्सारियॉन'वरून बनलेला आहे. त्याचं मूळ 'ओप्सॉन', म्हणजे भाकरीबरोबरचं तोंडीलावणं. योहानाच्या शुभवर्तमानात जवाच्या पाच भाकरींसोबत जे दोन मासे येतात, त्यांनाही हाच शब्द आहे. ती एका पोराची शिदोरी होती, मेजवानी नव्हे.

मात्र लगेच 'बघा, कष्टकऱ्यांची एकजूट!' असं म्हणून हुरळूनही जाऊ नका. यादी देणगीच्या उतरत्या क्रमाने आहे. वरच्या टोकाला चार खांब देणारा रोमन नागरिक आहे आणि ज्याला काहीच देता आलं नाही, तो दगडावर नाहीच. शिवाय आपल्याच धंद्यावरची जकात वसूल करायला आपल्याच पैशांनी इमारत का बांधायची? मला वाटतं, वसुलीत शब्द चालावा म्हणून. या उत्पन्नावर डोळा किती जणांचा होता, ते स्ट्रेबो सांगतो. इफिससजवळच्या सरोवरांचं उत्पन्न आर्टेमिस देवीचं होतं. राजांनी ते हिसकावलं, रोमनांनी परत दिलं, मग वसुलीच्या मक्तेदारांनी बळकावलं. शेवटी आर्टेमिडोरसला वकील म्हणून रोमला जाऊन ते सोडवून आणावं लागलं.

मासळीचा इतिहास हा असा आहे: जागा, ठराव, जकात, मक्ता आणि नावांचा क्रम. तो पाककृतींच्या पुस्तकात सापडणार नाही. ताटावरचे चार किस्से सांगून त्याला 'रोमन खाद्यसंस्कृती' म्हणणं हा निव्वळ आळस आहे. त्यातही कोळ्यांची नोंदच नाही म्हणणं तर सरळ खोटं. नोंद आहे, दगडावर आहे, नावानिशी आहे. आपण फक्त पंगतीतून उठून नाक्यापर्यंत गेलो नाही.