नाव एक, नोंदी चार

वेड पांघरून पेडगावला जाणे ही म्हण आमच्या पेडगावची नव्हे. ती सहसा जोडली जाते भीमाकाठच्या, श्रीगोंदा तालुक्यातील पेडगावशी. आमचे पेडगाव परभणी तालुक्यातले. माणसाला हा फरक बोलण्याच्या ओघात कळतो, संगणकाला कळत नाही. म्हणून सरकारी नोंदींत प्रत्येक गावाला नावाबरोबर स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. डेटाबेस या विषयाचे अर्धे मर्म या एका गोष्टीत आले.

डेटाबेस म्हणजे काय, हे समजायला शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. एका मुलाची एक ओळ, ठरलेले रकाने आणि प्रत्येकाचा एक नोंदणी क्रमांक, जो पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी साधारण हीच मांडणी संगणकासाठी सिद्धान्तरूपाने मांडली: माहिती तक्त्यांत ठेवा, प्रत्येक ओळीला ओळख द्या, आणि त्या ओळखीने एक तक्ता दुसऱ्याशी जोडा. आज नावाजलेल्या ओरॅकल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या प्रणाली याच घराण्यातल्या. पहिली सहसा विकत घ्यावी लागते. दुसरीची एक आवृत्ती आणि तिसरी संपूर्णपणे मोफत वापरता येते.

दुसरे घराणे मोंगोडीबीसारख्या प्रणालींचे. ती २००९ साली आली. इथे रकाने आधी ठरवावे लागत नाहीत. प्रत्येकाची जणू वेगळी फाईल. एकीत चार कागद, दुसरीत दहा. तिसरी प्रणाली एसक्यूलाइट. ती इतकी छोटी की आपल्या खिशातल्या मोबाईलमध्येच बसलेली असते, खिशातल्या डायरीसारखी.

यांत चांगली कोणती, असा प्रश्न मुले विचारतात. उत्तर कामावर अवलंबून आहे. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, ही हमी बँकेला हवी असते. तिथे तक्त्यांची शिस्त लागते. जिथे माहितीचा आकारच रोज बदलतो, तिथे फाईलची पद्धत सोयीची पडते. पाच-पन्नास घरांची यादी ठेवायची असेल, तर साधा एक्सेलचा तक्ताही पुरतो.

पण कितीही महाग प्रणाली आणली तरी एक दुखणे राहतेच, आणि ते आपल्या घरांत जास्त आहे. नाव उर्दूत एकच असते. मराठीत त्याचे मोहम्मद, महंमद, मुहम्मद आणि मो. असे चार अवतार होतात. इंग्रजीत स्पेलिंगे आणखी वाढतात. शेख कुठे नावाआधी, कुठे नावानंतर, कुठे नुसता ‘शे.’ होऊन बसतो. संगणक अक्षर अक्षराशी ताडून पाहतो. एक वेलांटी बदलली की त्याच्या लेखी माणूस बदलला. विद्यार्थ्याचा ‘अपार’ क्रमांक काढताना शाळेतील नाव आधारशी जुळावे लागते. ते जुळले नाही की काम अडते आणि मजुरी बुडवून बाप कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. शाळा सोडल्यावर तर रजिस्टरमधील नाव बदलणे फारच अवघड होते.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. हदीस सांगणाऱ्या हजारो रावींची चरित्रे मुहद्दिसांनी नोंदवली, ती शाखा ‘अस्मा-उर-रिजाल’. एकच नाव असलेले अनेक रावी होते, आणि एकच रावी कुठे नावाने, कुठे कुनियतने, कुठे गावाच्या निस्बतीने नोंदला जाई. खतीब बगदादी (रह.), वफात ४६३ हिजरी, यांनी एक ग्रंथ फक्त समान नावांच्या भिन्न व्यक्तींवर लिहिला. दुसरा ग्रंथ लिहिला तो दोन माणसांना एक समजण्याच्या आणि एका माणसाला दोन समजण्याच्या चुकांवर. आजचे डेटाबेस-तज्ज्ञ नेमक्या याच दोन चुकांशी झगडत आहेत. मुहद्दिसांचा उपाय असा की नावावर थांबू नका. पिता, गाव, उस्ताद, शागिर्द आणि काळ हे सारे ताडून पाहा.

नोंद किती दूरवर पोचते, हे मराठवाड्याने नुकतेच पाहिले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातील उर्दू आणि मोडी दप्तरे उघडली गेली. ती वाचणारी माणसे शोधावी लागली. कागद टिकला होता, लिपी जाणणारे कमी झाले होते. संगणकाचेही तसेच आहे. प्रणाली निवडताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारू की उद्या ही बंद पडली, तर माहिती साध्या स्वरूपात बाहेर काढता येईल का?

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूम कुरआनातील सर्वांत लांब आयतीत आहे. लिहिणे ही आपल्याकडे इबादतीइतकीच जबाबदारीची गोष्ट आहे. म्हणून घराघरांत तीन गोष्टी व्हाव्यात.

एक, मुलाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखलाच आधारभूत आहे. नाव ठरलेले नसले तरी नोंद थांबवू नका, ते नंतर घालता येते.

दोन, अकीक्याच्या दिवशीच नाव उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांत एका वहीत लिहा. पुढे प्रत्येक अर्ज त्या वहीवरूनच भरा. अर्ज भरून देणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नका.

तीन, मशिदीची जमात किंवा बैतुलमाल जकातीची यादी करत असेल, तर प्रत्येक घराला क्रमांक द्यावा. नुसत्या नावांच्या यादीत एखाद्या विधवेला मदत दोनदा पोचते आणि तिच्याच नावाची दुसरी उपाशी राहते. आणि ती यादी व्हॉट्सॲपवर फिरू नये. गरजूचे नाव ही अमानत आहे.

प्रणाली कोणती घ्यायची, हे इंजिनिअर ठरवतील. पहिली ओळ बरोबर लिहिणे मात्र आईबापांच्या आणि शिक्षकांच्या हातात आहे.