गायरान की सातबारा?



वार्षिक सभा जवळ आली की शेतकी खात्याकडे तक्रारी येतात त्या बेण्याच्या, खताच्या आणि तोडीच्या. यंदा एक निराळाच विषय निघाला आहे. आपल्या लांबच्या गट ऑफिसला कारखान्याशी जोडणारी बिनतारी लिंक परवान्याच्या लहरींवर न्यावी, असे आम्ही सुचविले. त्यावर एका जुन्या सभासदांनी आम्हाला रस्त्यातच गाठले. म्हणाले, "अहो साहेब, हवा फुकट आहे की! तिचे पैसे कसले भरताय?"

प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा उत्तर देणे आमचे काम आहे.

प्रथम, उसाच्या माणसाने रेडिओच्या भानगडीत का पडावे? कारण लागणीची नोंद, तोडणीचा कार्यक्रम आणि वजनाचे आकडे याच लिंकवरून ये-जा करतात. २०२४-२५ च्या हंगामात, ऐन जानेवारीत, ही लिंक तीन दिवस आजाऱ्यासारखी चालू-बंद होत राहिली. तोडीची यादी फोनवर वाचून दाखवावी लागली. स्लिपबॉयने ती वहीत उतरवली आणि दोन नावे खाली-वर झाली. ज्यांची पाळी हुकली त्यांचा तोडलेला नव्हे, उभाच ऊस होता, म्हणून वजनाचे नुकसान टळले. पण गावात बोलणे झाले ते असे : "यादी कुणीतरी फिरवली." चूक लहरींची, पण डाग लागला शेतकी खात्याच्या इमानावर. तो डाग आम्हाला अजून टोचतो.

मग झाले काय होते? आपली लिंक ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ साली परवान्यातून मोकळे केले. ठरलेल्या शक्तीच्या आत यंत्र चालवा, परवाना नको, फी नको. मात्र त्याला एक अट जोडलेली आहे, ती कोणी वाचत नाही. या पट्ट्यात कोणाला राखीव जागा नाही. तुमच्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ नये आणि तुम्हाला त्रास झाला तर संरक्षण मागता येणार नाही.

म्हणजे हे गायरान आहे. आपण जनावर सोडले तेव्हा रान मोकळे होते. पुढे गावोगाव इंटरनेट देणारी पोरे आली. त्यांनी पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या गच्चीवर डिश लावल्या. त्यांचे काही चुकले नाही, त्यांचाही तेवढाच हक्क. पण एकाच रानात शंभर जनावरे शिरली की चारा कोणालाच पुरत नाही. आम्ही दोनदा चॅनेल बदलून पाहिले. आठवडाभर बरे चालते, पुन्हा तेच.

परवान्याची लहर म्हणजे सातबाऱ्यावरची जमीन. दिल्लीच्या दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन शाखा ठराविक जागेपासून ठराविक जागेपर्यंत, ठराविक रुंदीचा पट्टा नावावर करून देते. आधी शेजारच्या लिंका तपासते. नंतर कोणी बांध कोरला तर तक्रारीला जागा असते. मनोऱ्याच्या जागेची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. फी वर्षाची वर्षाला भरावी लागते, आणि अंतर व रुंदी वाढेल तशी ती वाढते. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे. सरकारी जमिनीचा खंड भरतो, तसाच हा खंड समजावा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परवान्याच्या कागदाने वाकडी डिश सरळ होत नाही. आपली लिंक १२ किलोमीटरची आहे. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, मध्यावर फुगते. ५.८ गिगाहर्ट्झवर हा फुगवटा मध्यावर सुमारे १२ मीटर त्रिज्येचा असतो व त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे सरळ रेषेच्या खाली सात-साडेसात मीटरपर्यंत निलगिरीचा शेंडा येता कामा नये. १५ गिगाहर्ट्झवर फुगवटा पावणेआठ मीटरपर्यंत उतरतो, पण झोत अरुंद होतो. मनोरा वाऱ्याने हलला की निशाण चुकलेच.

आणखी एक. १० गिगाहर्ट्झच्या वर मुसळधार पाऊस लहर खातो. मोबाईल कंपन्यांना ही धास्ती बारमाही. आपले गाळप मात्र साधारण दिवाळीच्या आगे-मागे सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. जून ते सप्टेंबर लिंक थोडी अडखळली तरी गाडी अडत नाही. जो दोष इतरांना भोवतो तो आपल्याला बराचसा माफ आहे. अवकाळीचे दिवस तेवढे सोडा.

"मोबाईलवर भागवा की," असेही काही जण म्हणतात. स्लिपबॉयला शेतात मोबाईल ठीक आहे, तो चालू राहीलच. पण सबंध गटाच्या नोंदी त्याच्या भरवशावर टाकायला आम्ही तयार नाही. ज्या गटापर्यंत फायबर नीट पोचली आहे तिथे फायबरच घ्यावी, तिथे आमचा मनोऱ्याचा हट्ट नाही.

आमचे म्हणणे एवढेच. सगळीकडे परवाना नको. फायबर नाही आणि गर्दी वाढली आहे अशा एका मुख्य लिंकेसाठी तो घ्यावा. जुनी मोफत लिंक काढून टाकू नये, ती राखीव बैलजोडीसारखी उभी असू द्यावी. अर्जाला वेळ लागतो, म्हणून निर्णय हंगामाच्या तोंडावर न करता याच सभेत व्हावा. वार्षिक खर्चाचा आकडा सभेपुढे उघड मांडावा आणि तो पटला तरच हात वर करावा.

विहिरीवरच्या पाळीसाठी आपण रात्र-रात्र जागतो. तोडीची पाळीही तितकीच मोलाची आहे. ती ज्या वाटेने येते त्या वाटेवर आपले नाव असलेले बरे.

— ऊस विकास अधिकारी