छतावरचे ऊन आणि बिलावरचे नाव

सांगलीच्या जुन्या भागात एका कुटुंबाचे दुमजली घर आहे. थोरले बंधू पत्नी, आई व मुलासह तेथे राहतात. धाकटे दोघे नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झाले. गेल्या उन्हाळ्यात महिन्याचा वीजवापर तीनशे युनिटांच्या पुढे गेला, तेव्हा मुलाने छतावर सौर पॅनेल बसविण्याचा विषय काढला. विक्रेता आला, छत मोजून गेला. तीन किलोवॅटसाठी सुमारे 300 चौरस फूट मोकळी जागा हवी, ती होती. अर्ज मात्र पहिल्याच रकान्यात अडला. वीजजोडणी अजूनही वडिलांच्या नावे होती आणि वडिलांना जाऊन अकरा वर्षे झाली होती.

अशी घरे थोडी नाहीत. बिल वेळेवर भरले जाते, म्हणून त्यावरचे नाव कोणी वाचत नाही. पण ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’चे अनुदान ग्राहकाच्याच बँक खात्यात जमा होते, बिल, आधार आणि पासबुक यांवरील नावे जुळली नाहीत तर काम खोळंबते. नाव बदलण्यासाठी मृत्यूचा दाखला आणि अन्य वारसांची संमती हवी होती. पुण्याला फोन गेला. ‘‘अण्णा, सही देतो, पण उद्या घर तुमच्या एकट्याचं झालं असं व्हायला नको,’’ मधल्या भावाने स्पष्टच सांगितले.

यात रागावण्यासारखे काही नव्हते. वीजबिलावरील नाव हा मालकीचा पुरावा होत नाही. तरीही शंका मनात ठेवून सही करण्यापेक्षा ती बोलून दाखवणे केव्हाही बरे. तिघा भावांनी एका कागदावर लिहून घेतले: जोडणी थोरल्याच्या नावे, पॅनेलचा खर्च त्याचा, घरातील वाटे पूर्वीसारखेच. आईने तो कागद स्वतःच्या कपाटात ठेवला.

पुढचा मार्ग तुलनेने सोपा होता. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीविना मान्य समजला जातो. मंजूर भार कमी असेल तर आवश्यक ती वाढ वितरण कंपनीने करायची असते, आणि पाच किलोवॅटपर्यंत तारा व रोहित्र यांचे बळकटीकरणही तिच्याच खर्चाने. यंत्रणा बसविल्याची कागदपत्रे दिल्यानंतर जोडणी कार्यान्वित करण्याची मुदत तीस दिवसांवरून पंधरावर आणली आहे. कोणी ‘परवानगी काढून देतो’ म्हणून वेगळे पैसे मागू लागला, तर हे नियम ग्राहकाला पाठ असलेले बरे.

पैशाचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000; एकूण 78,000. चौथा किंवा पाचवा किलोवॅट बसविला तरी अनुदान तेवढेच. विक्रेते जाहिरातीत अनुदान वजा करून किंमत सांगतात. प्रत्यक्षात ते यंत्रणा कार्यान्वित झाल्यावर मिळते, तोवर पूर्ण रक्कम ग्राहकाने किंवा कर्जाने उभी करायची. तीन किलोवॅटपर्यंत तारणाविना कर्ज मिळते. योजना मंजूर झाली तेव्हा रेपो दराहून अर्धा टक्का अधिक व्याज, असे सूत्र होते. पॅनेल देशी बनावटीच्या सौर घटांचे व विक्रेता नोंदणीकृत नसेल, तर अनुदान नाही. पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्यावी.

एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. दुपारी घरात न वापरलेली वीज जाळ्यात जाते, रात्री तेथूनच परत घेतली जाते. नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो आणि शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली जाते. हे खाते बचत खात्यासारखे भासते, पण तसे नाही. 31 मार्चनंतर उरलेल्या युनिटांना वीज नियामक आयोगाच्या दराने मोबदला मिळतो, आणि तो घरगुती वीजदराच्या मानाने किरकोळ असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसविण्यात अर्थ नाही.

आणखी एका गोष्टीने या घराला चकित केले. भर दुपारी वीज गेली आणि पॅनेलही बंद पडले. बिघाड नव्हता. तार दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या कामगाराला घराच्या छतावरून आलेली वीज लागू नये, म्हणून जाळे बंद होताच इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीवर चालणारी वेगळी व्यवस्था लागते, आणि तिचा खर्च निराळा.

सदनिकेत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गच्ची सामाईक असते, त्यामुळे संस्थेच्या संमतीवाचून तेथे पाय ठेवता येत नाही. संस्थेने लिफ्ट, पंप व सामाईक दिव्यांसाठी यंत्रणा बसविली तर तिला प्रतिकिलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे. तो ठराव आधी मांडणे अधिक सोयीचे.

सांगलीच्या घरी नवा मीटर बसला. पहिल्या बिलात वापराची रक्कम जवळजवळ नव्हती. स्थिर आकार मात्र होता, तो चुकत नाही. वर थोरल्या बंधूंचे नाव छापून आले होते. आईंनी बिल हातात घेऊन पाहिले आणि यजमानांच्या नावाचे शेवटचे बिल रद्दीत न टाकता कपाटातल्या त्या कागदाबरोबर ठेवायला सांगितले.