मारहाणीवर कायद्याच्या दोन वाटा

नवऱ्यानें बायकोस मारिलें कीं ‘घरचें घरांत मिटवा’ म्हणणारे शहाणे गांवोगांव आहेत. आम्हांस हें मान्य नाहीं, कायद्यासहि नाहीं.

पहिली वाट पोलीस ठाण्याची. नवऱ्यानें वा सासरच्यांनीं छळ केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालीं तीन वर्षेंपर्यंत कैद व दंड आहे. १९८३ सालीं कायद्यांत आलेलें कलम ४९८-अ तें हेंच. मात्र फिर्याद होतांच अटक झालीच पाहिजे असें नाहीं. अटकेचें कारण पोलिसांनीं लेखी नोंदवावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बजाविलें.

पण नवरा तुरुंगांत गेला तर पोरांनीं खावें काय, ह्या भयानें पुष्कळ बाया गप्प राहतात. त्यांच्यासाठीं दुसरी वाट २००५ सालच्या कायद्याची. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट मॅजिस्ट्रेटाकडे अर्ज करावा. मारहाणीस मनाई, पोटगी व राहत्या घरांत राहण्याचा हुकूम मिळूं शकतो. घर तिच्या नांवावर नसलें तरी हरकत नाहीं. मनाईहुकूम मोडणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. वकिलास पैसे नाहींत म्हणून अडूं नये. १९८७ च्या कायद्यानें स्त्रीस फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे.

बंधूंनो, मार खाऊन माहेरीं आलेल्या लेकीस ‘नांदून घे’ एवढेंच सांगूं नका. तिच्याबरोबर तालुक्याच्या कोर्टापर्यंत चला.