वंशावळीत न बसलेली तान्ही

आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, त्या जिद्दीचे मूळ या मृत्यूत असल्याचे शाळकरी मुलेही सांगतात. त्या बाळाचे नाव मात्र कोणी विचारत नाही. विचारून तरी काय? बारसे बाराव्या दिवशी. हा त्याआधीच गेलेला.

घरोघरच्या वंशावळीत हीच गत. कुलवृत्तान्तात फार तर ‘एक पुत्र अल्पायुषी’. मुलगी असेल तर बहुधा तेवढेही नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात, पण तान्ह्याचा माग तिथेही सहसा लागत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला दहन नाही, पुरायचे, असे धर्मशास्त्र. मग अस्थी घेऊन गोदावरीवर जाणार कोण आणि गुरुजी वहीत लिहिणार काय?

तरी शोध संपत नाही. जुन्या ट्रंकेत कधी एखादे जन्मटिपण निघते आणि ते घरातल्या कोणाशीच जुळत नाही. समजा, त्यावर शके १८४०, कार्तिक वद्य, रोहिणी नक्षत्र असे आहे. शकात ७८ मिळवले की १९१८ चा नोव्हेंबर, म्हणजे देशात कोटीहून अधिक माणसे नेणाऱ्या इन्फ्लुएंझाचे दिवस. टिपणावर नक्षत्राच्या चरणावरून काढलेले नावरस नावही असते. रोहिणीला ओ, वा, वी, वू ही अक्षरे. ज्याच्या कानात कोणी नाव सांगितलेच नाही, त्यालाही त्या कागदावर एक नाव मिळून गेलेले असते.

अशी तारीख हाती आली की तहसील गाठावे. कोतवालाने वर्दी द्यायची आणि पोलीस पाटलाने जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, ती चढवायची, असा रिवाज होता. जुनी पाने बरीचशी मोडीत, मराठवाड्यात उर्दूत. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव, जात आणि बाळाच्या नावाच्या जागी अनेकदा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. काही पाने उलटल्यावर त्याच बापाच्या नावे मृत्यूची नोंद लागते: वय, आणि कारण म्हणून ताप नाहीतर देवी.

इथे एक फसगत ठरलेली. गेलेल्या मुलाचे नाव पाठच्याला ठेवले, तर थोरल्याची जन्मतारीख धाकट्याला चिकटते. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरशी ताडून पाहावे, तर तिथे गुरुजींनी निम्म्या वर्गाला १ जून बहाल केलेला! अशा वेळी नावेच बोलतात. धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावे मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून ठेवली जात. वंशावळीत थोरला म्हणून धोंडू दिसला, तर त्याच्या आधी कोणी झाले होते का, हे तपासायलाच हवे.

घरात नव्वदीची आजी असेल, तर कागदांच्या आधी तिच्याजवळ बसावे. ‘झाली आठ, राहिली पाच’ हा हिशेब त्या पिढीच्या बायकांच्या तोंडी सहज येतो. उरलेल्या तिघांची नोंद करायची वेळ आली की वंशावळ लिहिणारे पुरुष हात आखडता घेतात, हे काही बरे नाही.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठ्यांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदींसाठी सरकारने तहसिलातले हेच जन्म-मृत्यूचे दप्तर उपसले. मोडीचे जाणकार बोलावले, पानांचे स्कॅनिंग झाले, लाखो नोंदी मिळाल्या. शोध जातीच्या रकान्याचा होता, म्हणून शेजारच्या रकान्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पाने उघडलीच आहेत, तर गाव, साल आणि बापाच्या नावानुसार त्यांची पूर्ण सूची करायला नवे दप्तर शोधावे लागणार नाही. सरकारने ती करावी आणि कुठल्याही नागरिकाला ती पाहता यावी. कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढणाऱ्या मंडळांनीही ‘अल्पायुषी’ या शब्दावर न थांबता आईचे नाव, साल आणि नोंद कुठे सापडली, एवढी ओळ प्रत्येक बाळासाठी छापावी.