मशीद बंदरला उतरा

दरवर्षी जून-जुलैत लातूर, बीड, सोलापूर, मिरज, चिपळूणकडची आपली मुलं-मुली मुंबईत येतात. कुणी कॉलेजला, कुणी पहिल्या नोकरीला, कुणी स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायला. वर्षभरानं भेटली की आम्ही त्यांना एकच साधा प्रश्न विचारतो : मुंबईत कुठे कुठे जेवलात? उत्तर बहुतेक वेळा एकाच रस्त्यावर येऊन थांबतं. मोहम्मद अली रोड. फार तर नागपाडा, कुर्ला, मुंब्रा.

गंमत अशी की हाच प्रश्न त्यांच्या ऑफिसातल्या कुलकर्णी-जाधवांना विचारला तरी उत्तर तेच येतं. फरक एवढाच की ते रमजानच्या एखाद्या रात्री जातात, मीनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा आणि फिरनी खातात, फोटो काढतात आणि शेवटच्या लोकलनं परत फिरतात. म्हणजे दोघांनाही शहरातली एकच गल्ली ठाऊक. एकाला बारा महिने, दुसऱ्याला एक महिना. आणि या गल्लीत दोघं एकत्र कधीच आलेले नाहीत.

खाण्यापिण्यावर संपादकीय कशाला, असं काहींना वाटेल. देशात एवढं चाललंय आणि तुम्हाला फिरनी सुचते! पण नव्या शहरात आलेला माणूस त्या शहराला सगळ्यात आधी भेटतो तो पोटातून. कुठे बसून खायला संकोच वाटत नाही, कुठे नाव सांगताना आवाज खाली येतो, कुठल्या भागात आपण पाऊलच टाकत नाही, हे पहिल्या सहा महिन्यांत ठरून जातं. मग ते पुढची वीस वर्षं बदलत नाही.

आणि हे सगळं आपल्या आवडीनं ठरत नाही, हेही मान्य करू. खोली शोधायला गेलं की दलाल आधी नाव विचारतो. नावावर गाडी अडली नाही तर 'नॉनव्हेज चालणार नाही' यावर अडते. (हा अनुभव मासे खाणाऱ्या मराठी हिंदूंनाही येतो. एवढ्या एका मुद्द्यावर तरी दोघांनी एकत्र बोलायला हरकत नव्हती.) डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबं मिश्र वस्ती सोडून मुंब्र्याकडे आणि इतर मोहल्ल्यांकडे सरकली. आज गावाकडून येणारा मुलगा त्याच वाटेनं तिथेच पोचतो, कारण मामा तिथे, खाला तिथे, भाडं परवडतं तेही तिथे. राहण्याचा पर्याय त्याच्या हातात नाही. संध्याकाळी सहानंतर कुठे जायचं, हा मात्र आहे. आमचं म्हणणं फक्त त्या सहानंतरच्या वेळेबद्दल आहे.

सुरुवात कुठून करावी? सीएसएमटीहून लोकल पकडा आणि पहिल्याच स्टेशनला, मशीद बंदरला उतरा. हे नाव एखाद्या मोठ्या मशिदीवरून पडलं असणार, असं आपण धरून चालतो. जाणकार वेगळं सांगतात. स्टेशनपासून थोड्या अंतरावर सॅम्युअल स्ट्रीटला बेने इस्राएल ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शार हारहमीम. त्याची स्थापना १७९६ ची. मराठी बोलणारे हे ज्यू आपल्या प्रार्थनास्थळालाही मशीदच म्हणत, ही 'जुनी मशीद', आणि त्यावरून स्टेशनला नाव मिळालं. ते बांधणारे सॅम्युअल दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. कथा अशी सांगतात की 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला कैद्यांनी 'बनी इस्राईल' असं उत्तर दिलं. हे नाव तर कुरआनात आहे, म्हणून टिपूच्या आईनं त्यांच्यासाठी रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला. सुटकेच्या कृतज्ञतेतून हे प्रार्थनास्थळ उभं राहिलं. कथेत इतिहास किती आणि आठवण किती, यावर वाद घालता येईल. पण रायगडच्या किनाऱ्यावरचे मराठी ज्यू आपल्या सुटकेची गोष्ट अशी सांगतात, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

गाझाच्या बातम्या रोज बघणाऱ्या मुलाला इथे पाय घुटमळल्यासारखं होईल. होऊ द्या. इस्राएल सरकारच्या धोरणावर जे बोलायचं ते आपण बोलतोच, बोलत राहू. पण अलिबागकडचं आडनाव लावणारी, मराठीत भांडणारी ही माणसं आपले जुने शेजारी आहेत. बहुतेकजण १९४८ नंतर निघून गेले, थोडी घरं उरली. त्यांच्या शुभकार्यात 'मलिदा' असतो : पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. आपल्याकडे फातेहाला चपाती कुस्करून गूळ-तूप घालून करतात, त्यालाही मलिदाच म्हणतात. वस्तू वेगळी, शब्द एक. शब्द कुणी कुणाकडून घेतला ते भाषेच्या अभ्यासकांना विचारा. आत जायचं असेल तर आधी चौकशी करा. शनिवारी त्यांचा शब्बाथ असतो. दारावर ओळखपत्र मागतील. २००८ च्या हल्ल्यानंतर सगळ्यांकडेच मागतात, तेव्हा तुमचं नाव वाचलं म्हणून दचकू नका.

तिथून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेला जामा मशीद आहे, १८०२ मध्ये पूर्ण झालेली. जुन्या तलावावर ती उभी आहे आणि तो तलाव आजही आत आहे. पाण्यात मासे फिरतात, पायऱ्यांवर बसून लोक वजू करतात. या मशिदीचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या कोकणी मुसलमानांकडे आहे. मुंबईचे मुसलमान म्हणजे उत्तरेतून आलेले उर्दू बोलणारे, असं समजणाऱ्यांना, आणि त्यात आपलेही बरेच आहेत, इथे आणून बसवावं. दुसऱ्या बाजूला, इमामवाड्याकडे, १८६० ची मुगल मशीद आहे. इराणी शियांची. निळ्या टाइल्सची, दोन मिनारांची, घुमट नसलेली. एका दुपारच्या चालीत एवढं सगळं येतं.

ताटातही हेच आहे. 'मुस्लिम जेवण' म्हणजे बिर्याणी-कबाब, हा शिक्का बाहेरच्यांनी मारला आणि आपणही तो छातीवर लावून फिरतो. बोहरी मोहल्ल्यात एका मोठ्या थाळाभोवती सात-आठ जण बसतात आणि आधी चिमूटभर मीठ जिभेला लावतात. खावसा ब्रह्मदेशात व्यापार करून परतलेल्या मेमन-बोहरा कुटुंबांबरोबर आला. नूडल्स, नारळाचं दूध, वरून तळलेला लसूण. कोकणी घरातलं तांदूळ-नारळाचं सांदण मराठवाड्यातल्या मुलानं पाहिलेलंही नसतं. त्याच्या ताटात भाकरी आणि झणझणीत सालन. इराणी हॉटेलवाले सगळे पारशी, असं मानलं जातं. त्यातले बरेच इराणहून उशिरा आलेले झरतुष्ट्री आहेत, पण काही शिया मुसलमानही आहेत. धोबी तलावचं कयानी १९०४ पासून चालू आहे. तिथला ब्रून मस्का चहात बुडवून खाताना शेजारच्या टेबलावर वकील असतो, हमाल असतो, कॉलेजचं जोडपं असतं. तिथे कुणी कुणाला नाव विचारत नाही.

भेंडी बाजारातल्या नूर मोहम्मदीच्या भिंतीवर हुसेन यांचं चित्र आहे. मकबूल फिदा हुसेन पंढरपुरात जन्मले, तरुणपणी मुंबईत आले आणि सिनेमाची होर्डिंग रंगवून त्यांनी पोट भरलं. तेही आधी नवखेच होते. ज्या देशानं त्यांना मोठं केलं त्याच देशात शेवटी त्यांना राहता आलं नाही, २०११ मध्ये लंडनला ते वारले. निहारी खाताना हे आठवलं तर घास थोडा अडकतो.

निहारीचा विषय निघालाच आहे तर एक स्पष्ट सांगतो. २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैलाची कत्तलही बंद झाली, म्हशीच्या मांसाला परवानगी आहे. त्यामुळे 'बडे का' लिहिलेल्या ताटात म्हशीचं असतं. तुमचा हिंदू, जैन किंवा शीख मित्र बरोबर असेल तर कशात काय आहे ते त्यानं विचारण्याआधी सांगा. त्याच्यासाठी चिकन किंवा नुसती डाळ-रोटी मागवा. 'खाऊन तर बघ' म्हणत गंमत करणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. अशा एका संध्याकाळीत दहा वर्षांची मैत्री जाते, आणि चूक आपली असते.

मुलींचं काय, हा प्रश्न या सगळ्यात मागेच राहतो. मोहल्ल्यातल्या बऱ्याच हॉटेलांत त्यांची जागा वरच्या मजल्यावर, 'फॅमिली रूम'मध्ये. एकटी मुलगी खाली बसून चहा पिऊ लागली की चार माना वळतात. सुरक्षिततेचं कारण सांगितलं जातं. ते खरं मानलं तर माना वळवणाऱ्यांना वर पाठवायला हवं. हाजी अलीच्या दर्ग्यात २०१२ च्या सुमारास बायकांना मजारीपर्यंत जायला बंदी झाली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या न्यायालयात गेल्या, ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं बंदी बेकायदा ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. समुद्रातली ती वाट चालणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला हे ठाऊक असायला हवं. आणि दर्ग्यात हक्क मिळू शकतो तर तळमजल्यावरच्या टेबलावर का नाही? भाऊ लोकांनी या वाक्यावर हसू नये.

आता मोहल्ल्याच्या बाहेर. 'हलालचं काय?' हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे आणि ज्याला तो महत्त्वाचा वाटतो त्यानं तो पाळावा. पण माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपीत, जे १९४२ पासून चालू आहे, केळीच्या पानावर भात-सांबार-रसम वाढतात. त्यात हलालचा प्रश्न येतो कुठे? दादरच्या मालवणी-गोमंतकी खानावळीत बोंबील, सुरमई आणि सोलकढी मिळते. मासळीला कुणाची हरकत? साबुदाणा वडा, पियुष, थालीपीठ, मिसळ? खरं कारण बहुधा हलाल नसतं. खरं कारण असतं, 'तिथे आपल्यासारखं कुणी नसतं'. हे कारण उघड मान्य केलं तर त्यावर काही करता येतं. दादर स्टेशनबाहेर साठच्या दशकात सुरू झालेला वडापाव घ्या. त्यातला पाव पोर्तुगिजांमार्फत या किनाऱ्यावर आला आणि आज तो भाजणाऱ्या भट्ट्यांपैकी अनेक मुसलमानांच्या आहेत. वडा दादरचा, पाव मदनपुऱ्याचा, असं सर्रास होतं. खाणाऱ्याला पत्ता नसतो. खिलवणाऱ्यालाही नसतो.

मराठी मुसलमानाची या शहरात एक विचित्र अवस्था होते. भेंडी बाजारात मराठीत भाव विचारला तर दुकानदार चमकून बघतो. दादरच्या खानावळीत नाव सांगितलं तर गल्ल्यावरचा माणूस म्हणतो, 'तुम्ही वाटत नाही हो!' पहिल्यांदा राग येतो, दहाव्यांदा थकवा. आमच्या मते तुमच्याकडे दोन्ही दारांच्या किल्ल्या आहेत आणि दुसऱ्या कुणाकडे त्या क्वचितच असतात. उडुपीत बसून रूममेटला सांदणाबद्दल सांगा, मग त्याला ते खायला घेऊन जा. रमजानच्या गर्दीत नको. आणखी एक, तुमच्या मोहल्ल्यातली माणसं रोजा मालपुव्यानं सोडत नाहीत. ती खजूर, फळं आणि घरच्या भज्यांनी सोडतात. हे त्याला घरी बोलावल्याशिवाय कळणार नाही. खोली लहान आहे, चटया कमी आहेत, ही सबब चालणार नाही. त्याचीही खोली लहानच आहे.

डिसेंबरात माहीमला मखदूम अली माहिमींचा उरूस भरतो. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे कोकणी आलिम, कुरआनाचे भाष्यकार. उरुसाचा पहिला मान मुंबई पोलिसांचा, ते बँड लावून संदल घेऊन येतात. जवळच सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला सगळ्या धर्मांची रांग लागते. दुकानात माहीम हलवा मिळतो, कागदासारख्या पातळ वड्यांचा, जोशी आडनावाच्या घराण्यानं प्रसिद्ध केलेला. आणि जत्रेत कढईतून निघतो तो हलवा-पराठा. हा पराठा एवढा मोठा असतो की तोडून तोडून वजनावर विकतात. पाव किलो एकट्याला संपत नाही, गार झाला की चिवट होतो. तेव्हा निदान तिघं तरी जा, आणि तिघंही एकाच गल्लीतले नकोत.